थाप कुठे मारायची नाही

सावंतवाडीत उभं राहून दशावतारावर बोलायचं म्हणजे मोती तलावाच्या काठावर उभं राहून पाणी कसं असतं ते सांगण्यातला प्रकार आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या माणसांनी तरी सोनुर्लीच्या माऊलीच्या जत्रेत थंडीत कुडकुडत नाटक बघितलेलं असणार. त्यामुळे दशावतार म्हणजे काय, हे आम्ही सांगत बसत नाही. आम्ही पखवाज वाजवणारे. एका कडेला बसून जे दिसतं आणि ऐकू येतं, त्यावरून दशावताराच्या समीक्षेबद्दल थोडी तक्रार करायची आहे. आणि खरं सांगायचं तर थोडी स्वतःबद्दलही.

आधी एक सोपा प्रश्न. दशावतारातले मोठे नट सांगा. बाबी नालंग, बाबी कलिंगण, सुधीर कलिंगण, स्त्रीभूमिकेत ओमप्रकाश चव्हाण... नावं धडाधड येतात, यायलाच हवीत. आता पखवाज वाजवणाऱ्यांची चार नावं सांगा. (शांतता.) बघा. झांजवाल्याचं नाव तर आम्ही विचारतही नाही. संगीत नाटकाचं असं झालं नाही. बालगंधर्वांचा विषय निघाला की तबल्यावर अहमदजान थिरकवाँ होते, हे सांगितल्याशिवाय जुना माणूस पुढे जात नाही. आमच्याकडे जाहिरातीत खालच्या ओळीत वादकांची नावं हल्ली छापतात, हे खरं. पण प्रयोगावर लिहिणारा माणूस राजाच्या वेषभूषेवर लिहितो, स्त्रीपात्राच्या नऊवारीवर लिहितो, ट्रिकसीनवर अर्धं पान लिहितो आणि शेवटी ‘संगीतसाथ उत्तम’ एवढे दोन शब्द टाकून मोकळा होतो.

उत्तम म्हणजे काय? जोरात? तयारीची? की वेळेवर? हे कुणी सांगत नाही. आमचं म्हणणं असं की दशावतारात साथ ही नाटकाच्या शेजारी ठेवलेली वस्तू नाहीच. तिथे नाटक लिहिलेलंच नसतं. संध्याकाळी देवळात गेल्यावर आख्यान ठरतं. पेटाऱ्याशेजारी मांडी घालून नट तोंडाला रंग लावत असतात आणि तेवढ्यात कथा सांगितली जाते: कोण कुणाला शाप देतो, लढाई कुठे, नारद कधी. बास. बाकी सगळं मांडावर. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हाही पदं सूत्रधाराची आणि भाषणं नटांनी आयत्या वेळची, अशीच व्यवस्था होती. पलीकडे कर्नाटकात यक्षगान आहे. तिथे भाषणं आयत्या वेळची असली तरी पदांची संहिता भागवताच्या हातात असते आणि त्याचा मान कुठल्याही राजापेक्षा मोठा. आमच्याकडे कागदच नाही. मग ‘इथे वाक्य संपलं’ हे ठरवतं कोण? नट भाषण चढवत नेतो, शेवटच्या शब्दावर आमची थाप पडते आणि वाक्य संपतं. त्याने संपवलं की आम्ही? बऱ्याच वेळा आम्ही. संहितेतले पूर्णविराम पखवाजवाला देत असतो, आणि ते चुकीच्या जागी दिले तर नाटक बिघडतं. आड दशावतारात संकासुर भटजीची थट्टा करतो, तिथे तर हे रोज दिसतं. विनोदावर थाप क्षणभर लवकर पडली की हशा गेला. लोकांना वाटतं आज संकासुर रंगला नाही.

आता सोबतच्या माणसांचं सांगतो, कारण कडेला बसून रात्र काढायची ती त्यांच्याबरोबर. पालखीची प्रदक्षिणा झाली की नाटक उभं राहायला मध्यरात्र होते, आणि दहीकाल्याला उजाडतं. एवढ्या वेळात नट आत जातात, चहा पितात, एखादा पेटाऱ्याला टेकून डुलकी काढतो. पेटी, पखवाज आणि झांज मात्र जागची हलत नाहीत. मार्गशीर्षात पहाटे दव पडतं. पेटीचे सूर पत्र्याचे, ते आपल्या जागी राहतात. आमची पुडी कातड्याची, ती ओलाव्याने उतरते. डाव्या तोंडाची कणीक एकीकडे सुकत असते, तिला पाण्याचं बोट लावायचं. उजवीकडे हातोडीने गठ्ठे ठोकत बसायचं, तेही नटाच्या शांत प्रसंगात ऐकू जाऊ नये असं. आणि नेमकं याच वेळेला स्त्रीपात्राचा गळा बसतो. तीन वाजता पुरुषाच्या गळ्यातून बाईचं पद काढायचं, चेष्टा नाही. मग पेटीवाले बुवा काय करतात? काळी दोनवरून गुपचूप काळी एकला उतरतात. त्यांचं बोटांचं काम, एका श्वासात झालं. आमचा पखवाज काळी दोनला लावलेला! या कारणावरून आमची आणि एका बुवांची अख्खा एक हंगाम भाषा बंद होती. रात्रभर मांडीला मांडी लावून बसायचं आणि बोलायचं नाही. पुढे कळलं की ते उतरायच्या आधीचं पद मुद्दाम लांबवतात, मुखडा पेटीवर दोनदा जास्त फिरवतात, म्हणजे आम्हाला ठोकायला वेळ मिळावा. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आमच्याच लक्षात यायला चार महिने लागले. ही साथ. नटाची साथ आणि एकमेकांचीही.

झांजवाल्याबद्दल वेगळं भाषण करायला हवं. नाईट सगळ्यांत कमी, बसायची जागा सगळ्यांत अडचणीची, आणि लय त्याच्याकडे. आम्ही लढाईत बोल भरत सुटतो तेव्हा सम कुठे आहे हे आम्हाला कोण सांगतं? ती झांज. वाकलेल्या मानेने, झोप डोळ्यांवर घेऊन वाजणारी.

आता आमच्याबद्दलची तक्रार. बरीच वर्षं झाली. सावंतवाडी तालुक्यातल्याच एका देवळात राजा हरिश्चंद्राचं आख्यान होतं. स्मशानातला प्रसंग, तारामती मुलाचं प्रेत घेऊन आली आहे. हरिश्चंद्राच्या भूमिकेत एक वयस्क नट. नाव घेत नाही, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. नाना बोलता बोलता थांबले. आमचा हात तयार होता. वाक्य संपलं असं समजून आम्ही थाप मारली, वर एक तिहाई जोडली. छान पडली. टाळ्या आल्या. नानांनी आमच्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुढचं पद सुरू केलं. आम्ही खूश. सकाळी टेम्पोत सामान भरताना ते शांतपणे म्हणाले, ‘‘माझां एक वाक्य रवलां रे.’’ आम्ही विचारलं, कुठलं? ‘‘आता खंय गावतलां तां? तेव्हाच येवचां होतां.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘तू बरां वाजयतंस. पण आयकतंस खंय?’’

लिखित नाटकात वाक्य राहिलं तर उद्याच्या प्रयोगात म्हणता येतं. हे वाक्य कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांना ते त्या क्षणी सुचत होतं, आणि त्यावर आम्ही टाळी घेतली. तेव्हापासून आमचं मत असं झालंय की दशावतारातला पखवाज त्याने कुठे वाजवलं नाही यावरून जोखावा. असं लिहिलेलं परीक्षण आमच्या तरी वाचनात आलेलं नाही.

हे आजच बोलायची गरज अशी की परिस्थिती उलटी चालली आहे. पूर्वी मांडावर मधोमध एखादा माईक टांगलेला असायचा, बोलणारा त्याच्याखाली यायचा, आम्ही त्याच्यापासून लांब. आता पखवाजाच्या दोन्ही तोंडांना स्वतंत्र माईक असतात. थाप नटाच्या आवाजाच्या वर जाते. स्पर्धांमध्ये आणि महोत्सवांत वेळ बांधून दिलेला, त्यात रात्रभराचं नाटक बसवायचं, म्हणून सगळ्यात आधी थांबण्याच्या जागा जातात. तरुण पोरं हाताने आमच्यापेक्षा तयार आहेत, यात शंका नाही. पण मोकळी जागा दिसली की भरायची, ही सवय त्यांना लागली आहे, आणि ती आम्हीच लावली. याचा परिणाम नटांच्या बोलण्यावर होतो. पूर्वी एखादा नट पुराणातले दाखले देत, फाटे फोडत लांबलचक वाक्य बोलायचा. आता तीन-चार शब्द, थाप. तीन-चार शब्द, थाप. नटांना बोलता येत नाही म्हणून लोक हळहळतात. जरा आमच्या बाजूलाही बघा.

संयुक्त दशावतारात हे अधिक उघडं पडतं. वेगवेगळ्या कंपन्यांतले नामवंत एका रात्री एकत्र येतात, गर्दी तुफान होते. पण आपल्या कंपनीतला नट श्वास कुठे घेतो हे आम्हाला पाठ असतं. पाहुण्याचा श्वास ठाऊक नसतो. मग वादक सुरक्षित खेळतो: भरपूर वाजवतो. सुरक्षित म्हणजे जोरात, असं गणित झालंय. याला अपवाद आहेत. काही पाहुणे नट रंग चढवायच्या आधी येऊन वादकांजवळ पाच मिनिटं बसतात, कशाबद्दलही बोलतात, भाताबद्दल, काजूबद्दल. आम्हाला सुरुवातीला कळायचं नाही हे का येतात. ते आपलं बोलणं आम्हाला ऐकवत असतात.

सप्टेंबर 2025मध्ये ‘दशावतार’ चित्रपट आला, दिलीप प्रभावळकरांनी म्हातारा दशावतारी उभा केला. महाराष्ट्रभर लोक आमच्या कलेबद्दल विचारू लागले, त्याचा आनंदच आहे. त्यानंतर जत्रांतून मोबाईल आणि कॅमेरे जास्त दिसायला लागले, असं आम्हाला वाटतं. सगळे चेहऱ्यावर रोखलेले. आम्ही चौकटीच्या बाहेर, नुसता आवाज.

परवाच्या हंगामातलं सांगून थांबतो. पुन्हा हरिश्चंद्र, पुन्हा स्मशान, नट तरुण. तो बोलता बोलता थांबला. झांजवाल्याने आमच्याकडे बघितलं, बुवांनी भात्यावरचा हात थांबवला. आम्ही हात पखवाजावर ठेवला, वाजवला नाही. बराच वेळ गेला. पुढच्या रांगेत एक म्हातारी ‘इसारलो वाटता’ असं म्हणाली, ते आम्हालाही ऐकू आलं. मग तो बोलला. एकच वाक्य, साधं. कोणी टाळी वाजवली नाही. आम्हीही थाप मारली नाही, सरळ पदाचा ठेका धरला.

दोन दिवसांनी त्या प्रयोगाचा व्हिडिओ कोणीतरी पाठवला. तो प्रसंग शोधून लावला. नट थांबतो आणि लगेच बोलतो. आम्ही व्हिडिओ करणाऱ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘काका, मधे ब्लँक होतं, म्हणून काढून टाकलं.’’