डॉ. कोटणिसांचा बोलपट : एक साधनचिकित्सा

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चरित्रावर चित्रफीत रचूं पाहणाऱ्याची पहिली नजर साहजिकच शांतारामांच्या ‘डॉ. कोटनिस की अमर कहानी’ या 1946 च्या बोलपटावर जाते. तो आयता मिळतो, आणि कायद्यानें मोकळाहि आहे; कारण आपल्याकडे चित्रपटाचें स्वामित्व प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षें चालतें, म्हणजे येथें तें 2006 अखेर संपलें. मात्र एवढ्यानें हुरळून जाऊं नये. चित्रपटांत गोंवलेल्या कथेचें व संगीताचें स्वामित्व निराळें असून तें कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षें टिकतें. संगीतकार वसंत देसाई 1975 सालीं वारले. तेव्हां त्यांच्या चालींवरील हक्क 2035 अखेरपर्यंत उरतो.

पण आमचा आक्षेप कायद्यापेक्षां प्रमाणाविषयीं आहे. या बोलपटांतील डॉक्टर म्हणजे स्वतः शांताराम, त्यांची चिनी पत्नी म्हणजे जयश्री, आणि चिनी माणसें बोलतात हिंदी. अशीं दृश्यें ‘चीनमधील डॉ. कोटणीस’ म्हणून जोडणें हें बखरींतले संवाद अस्सल पत्र म्हणून छापण्यासारखेंच होय. सोलापूरच्या शाळेंतील मुलांस मग शांतारामांचाच चेहरा डॉक्टरांचा वाटूं लागेल, आणि हा समज पुसणें सोपें नाहीं.

काँग्रेसनें 1938 सालीं धाडलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून कोटणीस गेले व 9 डिसेंबर 1942 रोजीं अपस्माराच्या विकारानें तिकडेच वारले. त्यांच्या शुश्रूषालयाचें साधन म्हणून बोलपटाची किंमत शून्य आहे. परंतु स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील मुंबईनें चार वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या माणसास कसें डोळ्यांपुढें आणलें, याचें तें समकालीन साधन आहे, व त्या नात्यानें बहुमोल आहे. उपयोग करणारानें दृश्यावर ‘बोलपटांतून, 1946’ एवढीं अक्षरें घालावीं. आमची तक्रार राहणार नाहीं.

खऱ्या चित्रणाचा शोध चीनकडेच वळवावा लागेल. डच चित्रपटकार योरिस इव्हेन्स यांनीं 1938 सालीं आठव्या सेनेच्या लोकांस एक कॅमेरा दिला. तिकडील चित्रकार वू यिनशियान यांनीं पुढें कॅनडाचे डॉ. बेथ्यून काम करीत असतां टिपले. त्याच बेथ्यूनच्या नांवाच्या इस्पितळाचे कोटणीस पुढें प्रमुख झाले. अशा संग्रहाकडे लिहितांना फितीच्या डब्यावरील तारीख, स्थळ व चिनी मथळा यांची नक्कल आधीं मागवावी, दृश्य मागाहून.