शेततळे, भूजल आणि शाश्वत विकास : एक चिकित्सा

प्रस्तावना :
संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांपैकी १३ वे उद्दिष्ट हवामानविषयक कृतीचे आहे. हवामानाशी निगडित आपत्तींसमोर तग धरण्याची क्षमता वाढविणे, हे त्यातील पहिले लक्ष्य होय. विकसनशील देशांतील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने या क्षमतेचा अर्थ मुख्यतः पाण्याची शाश्वती असा होतो. तथापि ही क्षमता एका शेतकऱ्याची मोजावयाची की संपूर्ण गावाची, हा प्रश्न धोरणात बहुधा दुर्लक्षित राहतो. महाराष्ट्रातील शेततळ्यांच्या आधारे त्याची चिकित्सा करता येते.

विवेचन :
पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी साठवावे आणि पावसाने ओढ दिल्यास पिकाला एक-दोन पाळ्या द्याव्यात, ही शेततळ्याची मूळ कल्पना. राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू करून कमाल ५०,००० रुपयांचे अनुदान देऊ केले. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही शेततळ्यांचा समावेश होता.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर घालून ते विहिरीच्या वा बोअरच्या पाण्याने भरले जाते. अस्तरामुळे पाणी मुरत नाही. उलट उघड्या पृष्ठभागावरून त्याची वाफ होते. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसॉल्ट खडकाचा असून त्याची जलधारणक्षमता मर्यादित आहे. परिणामी, ज्याच्याजवळ पंप, जमीन व भांडवल आहे त्याच्या तळ्यात सामायिक भूजल जाते आणि शेजारच्या अल्पभूधारकाची विहीर लवकर आटते. एकाची सुरक्षितता अशा रीतीने दुसऱ्याची जोखीम ठरते.

यात केवळ शेतकऱ्यास दोष देणे अन्याय्य होईल. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. तो अनुभव घेतलेल्या बागायतदाराने पाणी साठवून ठेवणे स्वाभाविकच आहे. दोष मूल्यमापनाचा आहे. पूर्ण झालेल्या तळ्यांची संख्या मोजली जाते. त्यांत पाणी कोठून आले, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते.

याउलट अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पीकनिवड ठरविली, सिंचनासाठी बोअर घेण्यास मज्जाव केला आणि ऊस-केळीसारखी पिके वर्ज्य मानली. तेथील सामाजिक एकोपा सर्वत्र आढळेल असे नाही. म्हणूनच कायद्याचे पाठबळ आवश्यक ठरते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये पाणलोट स्तरावरील समिती व पीक आराखडा यांची तरतूद आहे.

निष्कर्ष :
अनुदानाची अट पाणलोटाच्या ताळेबंदाशी जोडली, तसेच भूजल उपसून तळे भरण्यास मर्यादा घातली, तरच शेततळे आपल्या मूळ हेतूस उतरेल. ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये शाश्वत विकासाची व्याख्या करताना भावी पिढ्यांच्या गरजांचे भान ठेवण्यास सांगितले होते. बांधापलीकडच्या शेजाऱ्याच्या आजच्या गरजेचे भान ही त्याची पहिली पायरी होय.