चेनच्या चित्रात काय राहून जाते?

पेशीविभाजनाआधी डीएनएची प्रत कशी निघते हे शिकवताना एक चित्र फळ्यावर हमखास येते. पीळ दिलेली शिडी, एका टोकाला ती दप्तराच्या चेनसारखी उघडलेली, आणि दोन्ही बाजूंना नवे दाते बसत चाललेले. खाली एक वाक्य : ‘डीएनए स्वतःची प्रत स्वतः तयार करतो.’ चित्र सुबक आहे, लक्षात राहते, परीक्षेत काढायला सोपे आहे. तरीही ते आणि त्याखालचे वाक्य जरा तपासून पाहायला हवे, असे आम्हाला वाटते.

आधी चित्राच्या बाजूने बोलू. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ साली डीएनएची रचना मांडली. रोझलिंड फ्रँकलिन व मॉरिस विल्किन्स यांच्या क्ष-किरणांच्या अभ्यासाचा तिला आधार होता. या रचनेत अ‍ॅडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन येते. म्हणजे एका धाग्यावरील क्रम माहीत असला की दुसऱ्यावरचा आपोआप ठरतो. ही गोष्ट चित्रातून नेमकी कळते. पण तीन गोष्टी त्यात राहून जातात.

पहिली गोष्ट पिळाची. चेनच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात. डीएनएचे धागे मात्र एकमेकांभोवती गुंडाळलेले असतात. साधारण दहा जोड्यांमागे एक वेढा. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख जोड्या असतात, म्हणजे साडेचार लाखांच्या आसपास वेढे! प्रत काढण्याचे काम एका जागी सुरू होऊन दोन्ही दिशांनी पुढे सरकते आणि सुमारे ४० मिनिटांत संपते. गणित केले तर प्रत्येक दिशेला दर सेकंदाला शंभराच्या आसपास वेढे उलगडावे लागतात. ही अडचण मॅक्स डेलब्रुक यांनी १९५४ सालीच दाखवून दिली होती. सुतळीचे दोन पदर पिळून एक टोक बाकाला घट्ट बांधा आणि दुसऱ्या टोकाकडून पदर वेगळे ओढा. पुढचा पीळ आवळत जातो, हे मुलांना हातालाच कळेल. पेशीत ही अडचण विकरे सोडवतात. एक विकर धागे वेगळे करते, दुसरे धागा कापून पीळ सैल करते आणि पुन्हा सांधते. मग ‘स्वतः’ हा शब्द कसा टिकणार? नुसता शुद्ध डीएनए परीक्षानळीत ठेवला तर त्याची एकही प्रत निघणार नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. चित्रात दोन्ही नवे धागे एकाच दिशेने सरळ वाढताना दिसतात. प्रत्यक्षात डीएनएचे दोन धागे परस्परविरुद्ध दिशांचे असतात. प्रत काढणारे विकर आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५०च्या दशकात शोधले. अशी विकरे नवा घटक धाग्याच्या एका ठराविक टोकालाच जोडू शकतात. त्यामुळे एक नवा धागा सलग वाढतो, तर दुसरा तुकड्यातुकड्यांनी तयार होऊन मागाहून सांधला जातो. जपानमधील नागोया येथे रेइजी व त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने १९६०च्या दशकात हे तुकडे दाखवून दिले. जिवाणूंमध्ये त्यांची लांबी सुमारे १००० ते २००० घटकांची असते.

तिसरी उणीव आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. चित्र पुराव्याबद्दल काहीच बोलत नाही. प्रत निघण्याच्या तीन रीती संभवत होत्या. जुने दोन्ही धागे एकत्र राहून नवी जोडी वेगळी बनेल; प्रत्येक जोडीत एक जुना व एक नवा धागा येईल; किंवा जुने-नवे तुकडे सर्व धाग्यांत मिसळून जातील. मॅथ्यू मेसेल्सन व फ्रँकलिन स्टाल यांनी १९५८ साली याचा निकाल लावला. त्यांनी ई. कोलाय अनेक पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवले आणि मग साध्या नायट्रोजनवर आणले. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात डीएनए अतिशय वेगाने फिरवला, की तो आपल्या घनतेनुसार पट्टा धरून स्थिरावतो. एका पिढीनंतर जड आणि हलक्याच्या मधोमध एकच पट्टा दिसला. पहिली शक्यता बाद झाली. पण तिसरी अजून शिल्लक होती! दुसऱ्या पिढीनंतर दोन पट्टे दिसले, एक मधला व एक हलका. तुकडे मिसळले असते तर पट्टा एकच राहिला असता. तेव्हा दुसरीच शक्यता उरली.

हा सगळा तर्क नववी-दहावीच्या मुलांना झेपणारा आहे. रंगीत व पांढऱ्या लोकरीचे धागे द्या, तिन्ही शक्यतांच्या दोन-दोन पिढ्या मांडायला सांगा, आणि प्रत्येक वेळी पट्टे कुठे दिसतील ते आधी लिहून घ्या. चेनचे चित्र त्यानंतर काढावे. तेव्हा ते पाठ करण्याचे उत्तर न राहता मुलांनी स्वतः काढलेला निष्कर्ष होईल. वाक्यही थोडे बदलावे : ‘डीएनएच्या साच्यावरून पेशी त्याची प्रत काढते.’

आणि एक प्रश्न घरी विचार करायला द्यावा. ई. कोलायला प्रत काढायला ४० मिनिटे लागतात, तरी भरपूर अन्न मिळाले तर तो दर २० मिनिटांनी विभागतो. हे कसे जमते? एक प्रत पुरी होण्याआधीच दुसरी काढायला सुरुवात करता येईल का?