‘स्थायिक’ या शब्दाची तपासणी

गेल्या उन्हाळ्यात ब्राह्मणपुरीतले एक शेजारी मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. अमेरिकेत बारा वर्षे नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने जन्मदाखला मागवला होता. जन्म आजोळी झालेला. बारसे होण्याआधीच नोंद झाल्याने नोंदवहीत आईबापांची नावे होती, बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता. आता नावानिशी दाखला हवा, नाहीतर नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे. शेजाऱ्यांनी विचारले, “भाऊ, पोरगा तर कधीच तिकडे स्थायिक झाला ना? मग आता हे कागद कशाला?”

या प्रश्नाने मला आपले परदेशविषयक साहित्य पुन्हा वाचायला लावले. ‘स्थायिक झाला’ हे क्रियापद पारावर वापरतात, लग्नपत्रिकेत छापतात आणि कथा-नाटकांतही ते सहज येते. पण विमानात बसणे आणि स्थायिक होणे यांच्यामध्ये कायद्याची एक लांब वाट असते. माझ्या वाचनात आलेल्या मराठी ललित लेखनात ही वाट जवळजवळ नाही.

सुरुवात अशी नव्हती. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झाले. शीर्षकात लोकस्थिती आधी आणि प्रवास नंतर, हा क्रम बोलका आहे. तिथली राज्यव्यवस्था, संस्था, स्त्रियांची अवस्था यांची रचना त्यांनी समजून घेतली. देश कसा चालतो, हा त्यांचा प्रश्न होता.

पुढे हा प्रश्न बदलला. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ने सत्तरच्या दशकात मराठी प्रेक्षकाला हलवून सोडले. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा लष्करी सेवेत आणि घरात वाट पाहणारे दोन वृद्ध जीव. नाटक त्या घराच्या बाजूने उभे राहते आणि ते योग्यच आहे. त्या पिढीच्या बाबतीत त्याचे गृहीतकही बऱ्याच अंशी खरे होते. १९४६ पासून भारताच्या वाट्याला वर्षाला अवघ्या १०० जागा होत्या. १९६५ च्या कायद्याने मूळ देशानुसार असलेला जुना कोटा रद्द केला आणि शिकलेल्यांना दार उघडले. तेव्हा गेलेल्यापुढे ‘परत यायचे की राहायचे’ हा बऱ्याचदा खरोखरच मनाचा प्रश्न होता.

माझा आक्षेप दळवींवर नाही. त्यांच्या नंतर अर्धशतक तोच साचा चालू राहिला, यावर आहे. पत्राच्या जागी फोन आला, फोनच्या जागी व्हिडिओ कॉल, पण मुलाला विचारलेला प्रश्न बदलला नाही. कायदा मात्र बदलला होता.

१९९० च्या कायद्यानुसार नोकरीवर आधारित कायम वास्तव्याच्या जागा वर्षाला साधारण १,४०,००० आहेत. त्यांत जोडीदार आणि मुलेही मोजली जातात. एका देशात जन्मलेल्यांना त्यातून साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक जागा मिळत नाहीत. भारतातून मागणी मोठी, म्हणून रांग लांब. आधी मालक श्रम खात्याकडून प्रमाणपत्र घेतो, मग कामगारासाठी अर्ज करतो. त्यावरून एक ‘अग्रक्रम तारीख’ मिळते आणि दर महिन्याच्या व्हिसा पत्रकात ती तारीख आली का, हे पाहत बसायचे. एच-१बी व्हिसाची मुदत मुळात सहा वर्षांची; मालकाचा अर्ज मंजूर होऊन रांगेत असेल तर ती वाढत राहते. म्हणजे ‘तात्पुरता’ माणूस तिथे घर घेतो, कर भरतो, केस पांढरे करतो, आणि तात्पुरताच राहतो. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली असेल, तर गावी आल्यावर परतण्यासाठी नवा शिक्का मिळवावा लागतो. वडिलांच्या दहाव्याला येऊ न शकलेला प्रत्येक मुलगा कृतघ्न नसतो. कृतघ्नही असतातच, पण दोघांतला फरक लेखकाला दिसायला हवा.

इथे दोन दाखल्यांची तुलना करतो. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. राहिलेली वर्षे जमेला धरतात. अमेरिकेच्या या रांगेत प्रश्न असतो जन्म कुठे झाला, हा. उद्या त्याने कॅनडाचे नागरिकत्व घेतले तरी रांग भारताचीच राहते. जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तरच सूट. उलट कॅनडाच्या २०१५ पासूनच्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतीत वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांना गुण आहेत. पण तिशीपासून वयाचे गुण घटू लागतात. एक देश जन्मस्थान मोजतो, दुसरा वय.

आता एक घर डोळ्यांपुढे आणा. थोरला शहाद्यात जन्मलेला, तीन वर्षांचा असताना तिकडे गेलेला. धाकटी तिथेच जन्मलेली, म्हणून जन्मतः नागरिक. थोरल्याची २१ वर्षे भरली की, कायद्याने दिलेली थोडी वजावट धरूनही, तो आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकतो. मग त्याने स्वतःचा व्हिसा शोधायचा. एकाच ताटातली दोन भावंडे दोन कायद्यांखाली. यापेक्षा मोठा कौटुंबिक संघर्ष कोणता? तरी तो मला मराठी कादंबरीत भेटलेला नाही.

तारखेची ही सत्ता नंदुरबार जिल्ह्याला तरी नवी नाही. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने विस्थापिताच्या सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले. पण तो सज्ञान कधी झाला, हे भूसंपादनाच्या अधिसूचनेच्या तारखेवरून ठरले. वनहक्काच्या दाव्याला १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे. अक्राणीतला विस्थापित आणि अमेरिकेतला अभियंता यांची दुःखे सारखी नाहीत. एकाची जमीन बुडाली, दुसरा स्वतः निघून गेला. पण माणसाचे घर तारखेच्या कोणत्या बाजूला पडते, हे आपल्याकडच्या लेखकाला परदेशी जाऊन शिकावे लागत नाही.

रमाबाईंच्या पुस्तकाकडे म्हणूनच परत जावेसे वाटते. विरहाचे लेखन आपल्याकडे भरपूर झाले. आता त्या विरहामागची लोकस्थिती लिहायला हवी. कागद हा कादंबरीचा शत्रू नव्हे.

शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे झाली, नावाचा रकानाही भरला. परवा पारावर कुणीतरी त्यांच्या मुलाची चौकशी केली. ते म्हणाले, “नोकरीला आहे तिकडे. अर्ज चालू आहे.” ‘स्थायिक’ हा शब्द त्यांनी वापरला नाही.