हिशेबवहीची बांधणी : एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना :
आर्थिक इतिहासाचे साधन म्हणून जुन्या हिशेबवह्यांचे महत्त्व सर्वमान्य आहे. तथापि अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने नोंदींवर केंद्रित झालेले दिसते. कागद, शिवण व वेष्टन यांना केवळ बाह्य आवरण मानले जाते. ही दृष्टी अपुरी आहे.

विवेचन :
छापील ग्रंथ वाचण्यासाठी बांधला जातो, तर हिशेबवही लिहिण्यासाठी. जाड वहीत शिवणीपर्यंत लिहिता यावे म्हणून ती पूर्ण सपाट उघडावी लागते. इंग्लंडमध्ये 1799 साली पेटंट घेतलेल्या ‘स्प्रिंग-बॅक’ बांधणीने ही गरज भागविली. तीत कण्यावर पुठ्ठ्याची ताठ, गोलाकार पन्हळ बसवितात. वही उघडताच पानांचा गठ्ठा वर उचलला जातो. भारतीय व्यापाऱ्याने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. त्याच्या लांबट वहीला लाल कापडाचे लवचिक वेष्टन व सुती दोऱ्याची शिवण असे. रेघा न आखता कागदाला पाडलेल्या घड्याच रकान्यांचे काम करीत. ताठ कणा नसल्याने गादीवर बसून लिहिणे सुलभ होई.

बांधणीचा संबंध विश्वासार्हतेशीही आहे. जुजबंदी केलेल्या वहीतून एक पान फाडले की त्याचे जोडपान सैल होते. नवे पान घुसविले तर शिवणीत खूण राहते. 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 34 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये व्ही. सी. शुक्ला प्रकरणात सुटे कागद ‘वही’ या संज्ञेत बसत नाहीत, असे स्पष्ट केले. अर्थात केवळ अशा नोंदींवरून कोणावर दायित्व लादता येत नाही, हेही त्याच कलमात नमूद होते. म्हणजे बांधणी नोंदीच्या सत्यतेची नव्हे, तर वहीच्या अखंडतेची साक्ष देते.

समारोप :
दुरुस्तीच्या नावाखाली जुनी शिवण उसवून, कडा कापून नवे पुठ्ठे चढविले की ही साक्ष कायमची नष्ट होते. केवळ पानांच्या छायाप्रतींतूनही ती हाती लागत नाही. म्हणून कोणत्याही दुरुस्तीपूर्वी जुजांची संख्या, शिवणीची छिद्रे, दोरा व वेष्टन यांची सविस्तर नोंद होणे अगत्याचे आहे. नोंदी वाचणाऱ्या अभ्यासकाने वहीही वाचली पाहिजे.