जुन्या स्नेह्यांच्या गांवीं

'फ्रँकेन्स्टाइन' ह्या कादंबरीच्या कर्त्री एवढीच मेरी शेली यांची ओळख आपल्याकडील बहुतेक वाचकांस असते. फार झालें तर कवि शेलीची पत्नी म्हणून त्यांचें नांव कानांवरून गेलेलें असतें. त्यांनीं उतारवयाच्या उंबरठ्यावर लिहिलेलें एक प्रवासवर्णन मात्र खुद्द इंग्रजी वाचकांतही फारसें कोणी उघडून पाहत नाहीं. 'रॅम्बल्स इन जर्मनी अँड इटली' ह्या नांवाचें हें दोन खंडांचें पुस्तक लंडनच्या मॉक्सन ह्या प्रकाशकानें १८४४ सालीं काढलें. १८४०, १८४२ व १८४३ ह्या सालांतील प्रवासांत लिहिलेलीं पत्रें असें त्याचें रूप आहे. मेरीबाईंच्या हयातींत प्रसिद्ध झालेलें हें त्यांचें शेवटचें पुस्तक.

वरवर पाहतां हकीकत साधी आहे. एक विधवा आई, तिचा एकुलता मुलगा आणि त्याचे एकदोन तरुण मित्र अशी मंडळी युरोपांत हिंडावयास निघतात. पहिल्या खेपेस मोझेल व राइन ह्या नद्यांच्या काठाकाठानें जाऊन, स्प्ल्यूगेनचा घाट उतरून, तीं कोमो सरोवर गांठतात. दुसऱ्या खेपेस किसिंगेनचे औषधी झरे, बर्लिन, ड्रेस्डेन, प्राग, साल्झबुर्ग, व्हेनिस असा मोठा वळसा घेऊन हिंवाळ्यांत फ्लॉरेन्स आणि १८४३ च्या वसंतांत रोम येथें मुक्काम करतात. मुलाचा परीक्षेचा अभ्यास, आईची ढासळलेली प्रकृति, बेताचा पैसा, मिलानमध्यें वेळेवर न पोंचलेलें पैशांचें पत्र — कुटुंबाच्या प्रवासांत जें जें असावयाचें तें सर्व येथें आहे. निराळी गोष्ट एकच. ह्यांतील अनेक शहरीं मेरीबाईंचे जुने स्नेही आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक जण वीस-पंचवीस वर्षांपूर्वींच मरून गेले आहेत.

ह्या दृष्टीनें कोमोचीं पत्रें प्रथम पाहावीं. सरोवराकांठीं कादेनाब्बिया येथें बिऱ्हाड केलें आहे. सृष्टिसौंदर्याचें वर्णन त्या काळच्या रीतीप्रमाणें ओसंडून वाहतें. तें वाचून आजचा वाचक थोडा कंटाळेल. परंतु मुलाला होडीचा विलक्षण नाद आहे. तो पाण्यांत गेला, वारा सुटला, कीं आईचा जीव टांगणीला लागतो. ह्या मुलाचा बाप ८ जुलै १८२२ रोजीं ह्याच इटलीच्या समुद्रांत होडी उलटून बुडाला होता. तेव्हां पोर अडीच वर्षांचें होतें. ही हकीकत पुस्तकांत कोठेंही सांगितलेली नाहीं. मुलाचें नांवदेखील नाहीं, केवळ आद्याक्षर आहे. आपल्याला पाण्याचें भय वाटतें एवढेंच बाई म्हणतात, आणि मुलाला मात्र होडींत बसूं देतात. मला वाटतें, पुस्तकांतील सर्वांत धीराचें कृत्य हेंच. तें सांगितलें आहे मात्र एखाद्या भित्र्या बाईच्या लहरीसारखें.

परतीच्या वाटेवर जिनीव्हा लागतें. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यांत बायरन येथील व्हिला दियोदातींत राहत होता, शेजारच्या लहान घरांत शेली व मेरी, आणि 'फ्रँकेन्स्टाइन'ची कल्पना तेथेंच जन्मली. त्या बैठकींतील पॉलिडोरी १८२१ त, शेली १८२२ त व बायरन १८२४ त वारला. आतां चोवीस वर्षांनीं बाई तीं दोन्ही घरें दुरून पाहतात, सोबती कोणी उरले नाहींत असें थोडक्यांत लिहितात व पुढें चालूं लागतात. येथें थांबावयाचें, आठवणी सांगावयाच्या, थोर कवींच्या लकबी वर्णावयाच्या, असें कोणत्याही प्रकाशकानें सुचविलें असतें. पुस्तक हातोहात खपलें असतें.

परंतु सगळ्यांत महत्त्वाचें पत्र व्हेनिसच्या वाटेवरचें. त्याची पूर्वपीठिका वाचकास ठाऊक असावयास हवी. १८१८ च्या सप्टेंबरांत, शेलीच्या बोलावण्यावरून, मेरीबाई लहानग्या क्लाराला घेऊन कडक उन्हांतून लांबचा प्रवास करून एस्ते येथें आल्या. मूल वाटेंतच आजारी झालें. पुढें वैद्याला दाखविण्यासाठीं त्याला व्हेनिसला नेलें, आणि पोंचल्यावर थोड्याच वेळांत तें गेलें. वय एक वर्षाचें. १८४२ च्या शरदृतूंत बाई पुन्हां त्याच रस्त्यानें, पाण्याच्या त्याच कांठानें, व्हेनिसकडे येतात. (रेल्वेचा पूल अजून व्हावयाचा होता; तो १८४६ मध्यें खुला झाला, तेव्हां पाणी ओलांडण्याची रीत जुनीच होती.) आणि त्यांच्या ध्यानांत येतें कीं वाटेवरील एकही झाड, एकही वाडा आपण विसरलों नाहीं. मांडीवर मूल मरत असतां आईनें झाडें कशीं पाहिलीं? त्या स्वतःच ह्याचें उत्तर देऊं पाहतात. असह्य दुःखांत मन आंत पाहूं शकत नाहीं, म्हणून डोळे बाहेरच्या क्षुल्लक वस्तूंना घट्ट धरतात, आणि त्या वस्तु पुढें जन्मभर सुटत नाहींत. असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हा विचार त्या आक्रोश करून नव्हे, तर एखाद्या शास्त्रज्ञानें निरीक्षण नोंदवावें तशा मांडतात.

माझ्या मतें साऱ्या पुस्तकाची किल्ली येथें आहे. हें पत्र वाचून मागें वळलें म्हणजे, जीं वर्णनें नुसतीं टांचणें वाटलीं होतीं — पडदे, पायऱ्या, घाटांतील वळणें, सरायांतील खोल्या — त्यांकडे पाहण्याची आपली दृष्टि पालटते. बाई बाहेरचें इतकें कां पाहत आहेत हें कळूं लागतें. हा न्याय सरसकट लावतां येणार नाहीं हेंही सांगितलें पाहिजे. ड्रेस्डेनच्या चित्रशाळेंतील पानें कंटाळवाणीं आहेत तीं आहेतच. त्यांच्यामागें दुःख शोधणें म्हणजे टीकाकारानें आपलें चातुर्य दाखविणें होय.

मग रोम. वसंत ऋतु, ईस्टरचा उत्सव, परदेशी पाहुण्यांनीं भरलेलें शहर. येथील प्रॉटेस्टंट स्मशानभूमींत १८१९ च्या जूनमध्यें तीन वर्षांच्या विल्यमला मूठमाती दिलेली, आणि १८२३ मध्यें शेलीची रक्षा पुरलेली. रक्षा पुरली तेव्हां मेरीबाई रोममध्यें नव्हत्या; त्याच वर्षीं त्या जिनोव्हाहून मायदेशीं परतल्या. म्हणजे पतीची समाधि पाहण्याचा योग त्यांस वीस वर्षांनीं, ह्या वसंतांत, प्रथमच येत होता. बरोबर होता तेवीस वर्षांचा मुलगा. एवढ्या मोठ्या गोष्टीस पुस्तकांत किती जागा मिळाली? रोम ही आपल्याला तीर्थयात्रेची जागा आहे, तरुणपणींचें आपलें सर्वस्व येथेंच मातींत आहे, एवढा उल्लेख. कीं लगेच चित्रें, पुतळे, धर्मविधि.

ह्या मौनाबद्दल बाईंस दोष देण्याची रीत आहे. थंड, सावध, समाजाला भिणारी लेखणी, असें म्हटलें जातें. सावधपणाला बाह्य कारण होतें हें खरें. सासरे सर टिमथी शेली यांनीं पैशाच्या जोरावर मुलाचें चरित्र लिहूं दिलें नव्हतें. १८३९ त कविता छापण्यास अनुमति मिळाली तीही चरित्र न लिहिण्याच्या अटीवर, आणि सासरे वारले ते १८४४ च्या एप्रिलमध्यें. परंतु धाकानें आलेलें मौन आणि पुस्तकांतलें मौन ह्यांची जात मला एक वाटत नाहीं. धाकानें गप्प बसलेला मनुष्य विषय टाळतो. मेरीबाई विषयाच्या अगदीं दारापर्यंत जातात व दार लोटून घेतात. आंत कोणी आहे हें आपल्याला कळतेंच. दोन वर्षांनीं, १८४६ मध्यें, निघालेल्या डिकन्सच्या इटलीवरील पुस्तकाशीं तुलना करून पाहावी. तो तर बायको व पांच मुलें घेऊन जिनोव्हाला जाऊन राहिला होता. पण आरंभींचा थोडा विनोद सोडला तर कुटुंब पुस्तकांतून जवळजवळ नाहींसें होतें, आणि त्याची चुटपुट वाचकास लागत नाहीं. येथें ती पानोपानीं लागते.

मला ह्या पत्रांमागें आणखी एक पुस्तक दिसतें. मेरीबाईंची आई, मेरी वुल्स्टनक्राफ्ट, १७९५ मध्यें तान्ही मुलगी व दाई घेऊन स्वीडन-नॉर्वेकडे गेली होती, आणि तिचीं तीं पत्रें १७९६ त प्रसिद्ध झालीं. पुढच्याच वर्षीं मेरीला जन्म देऊन ती दहा दिवसांनीं वारली. जिला आईचा शब्द ऐकावयास मिळाला नाहीं, तिनें आईच्याच पत्ररूपानें आपला शेवटचा ग्रंथ लिहिला.

राजकारणाच्या पानांबद्दल मतभेद होतील. इटालियन लोकांबद्दल इंग्रजांच्या मनांत सहानुभूति उत्पन्न करावी असा हेतु प्रस्तावनेंतच सांगितला आहे. लोंबार्डी व व्हेनिस तेव्हां ऑस्ट्रियाच्या टांचेखालीं होतीं, आणि बाई तें उघडपणें लिहितात. पुष्कळांस हा भाग शोकाच्या भागापासून तुटक वाटतो. मला वाटत नाहीं. इटली हें त्यांचें एका अर्थीं माहेर. लंडनमध्यें जन्मल्या खऱ्या, पण सुख व दुःख दोन्ही पोटभर अनुभवलें तें ह्याच देशांत, १८१८ पासून १८२३ पर्यंत. बाकीचे स्नेही गेले. हा एक स्नेही जिवंत होता, पण कैदेंत. त्याला भेटावयास गेलेली बाई पहारेकऱ्याविषयीं बोलणारच. मात्र ह्या भागांतील बंडांची माहिती बरीचशी गातेस्की नांवाच्या एका निर्वासित इटालियनाकडून घेतलेली, आणि तेथें लेखणीचा सूर परका होतो. त्याला मदत व्हावी म्हणूनच मुख्यतः पुस्तक लिहिलें गेलें. ह्याच गृहस्थानें पुढें, १८४५ मध्यें, बाईंचीं खासगी पत्रें दाखवून त्यांच्याकडे पैसे मागितले हें वाचून मन विटतें. पण त्यामुळें पुस्तकाची किंमत कमी होत नाहीं.

जिवंत स्नेह्यांचें काय, असा प्रश्न उरतो. परततांना १८४३ च्या उन्हाळ्यांत मेरीबाई पॅरिसमध्यें सावत्र बहीण क्लेअर हिच्याकडे राहिल्या. १८१६ च्या जिनीव्हाच्या बैठकींतील त्यांच्याखेरीज हयात असलेली ती एकटीच. पुस्तक इटलींतच संपतें. क्लेअरचें घर त्यांत नाहीं.

दोन्ही खंड सलग वाचण्याची सवड सर्वांस असेल असें नाहीं. त्यांनीं कोमोचीं पत्रें प्रथम घ्यावीं, मग एकदम व्हेनिसच्या वाटेवरचें पत्र, आणि त्यानंतर रोम. ड्रेस्डेनची चित्रशाळा पावसाळ्यासाठीं ठेवावी.