‘जय भीम कॉम्रेड’ आणि मताचा प्रश्न

आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) या माहितीपटाविषयी चळवळीत आदराने बोलले जाते, आणि ते रास्तच आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. दहा माणसे मेली. चार दिवसांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. या मरणांचा माग पटवर्धनांनी चौदा वर्षे घेतला. जमाव टँकर पेटवणार होता, या पोलिसी बचावाची त्यांनी केलेली चिरफाड विसरता येणार नाही.

तरीही या कलाकृतीविषयी माझी एक तक्रार आहे. ती मला प्रथम माझ्या एका विद्यार्थ्याने शिकवली. चित्रपट पाहून झाल्यावर तो म्हणाला, “सर, यात आमची गाणी आहेत, आमचं रडणं आहे. आमचं मत कुठं आहे?” मराठीत ‘मत’ म्हणजे विचारही आणि मतदानही. त्याला दोन्ही अर्थ अभिप्रेत होते.

चित्रपटात निवडणूक येते ती नेत्यांच्या तडजोडीची कहाणी म्हणून. नेता फुटला की समाज फुटला, असे समीकरण प्रेक्षकाच्या मनात नकळत तयार होते. मतदार मात्र गातो, सोसतो, फसवला जातो. तो हिशेब करताना दिसत नाही. सवर्ण विश्लेषक आपल्या वस्त्यांना ‘मतपेढी’ म्हणतात तेव्हा आपण चिडतो. पण ज्याला स्वतःचा निर्णय नाही असा मतदार आपणही रंगवत असू, तर त्या शब्दापासून आपण कितीसे दूर आहोत?

हा दोष एकट्या पटवर्धनांचा नाही. आपल्या कथा-कवितांतही मत बहुधा बाटलीच्या आणि नोटेच्या बदल्यातच येते. ज्या माणसाने 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली आणि 1928 मध्ये सायमन आयोगाकडे प्रौढ मताधिकार मागितला, त्याच्या अनुयायांच्या साहित्यात मताचे एवढेच चित्र उरावे, हे खेदजनक आहे. 1952 मध्ये खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. त्या निवडणुकीत हजारो मते बाद ठरली, आणि त्याबद्दल बाबासाहेबांनी दाद मागितली. पराभवानंतरही एकेका मताचा जाब विचारणारी ही दृष्टी आपल्या समीक्षेत का उतरली नाही?

गोळीबारानंतर काही महिन्यांतच, 1998 च्या लोकसभा निवडणुकीत, रमाबाई नगर ज्या ईशान्य मुंबई मतदारसंघात येते तिथे भाजपचे प्रमोद महाजन हरले. त्याच निवडणुकीत काँग्रेसशी समझोता करून रिपब्लिकन पक्षाचे चार नेते खुल्या जागांवरून निवडून आले. ते ऐक्य टिकले नाही. 2011 मध्ये रामदास आठवले शिवसेना-भाजपच्या बाजूला गेले. पुढे, 1997 मध्ये ज्या दोन पक्षांचे युतीसरकार होते, तेच दोन पक्ष 2024 मध्ये या मतदारसंघात समोरासमोर उभे राहिले. एकीकडे भाजप आणि त्याच्यासोबत आठवले. दुसरीकडे ठाकऱ्यांची शिवसेना, संविधान वाचवा म्हणणारी. शिवाय वंचितचा उमेदवार. निवडून आले ठाकरे गटाचे संजय दिना पाटील. ज्या आईने 1997 मध्ये मुलगा गमावला, तिने मतदानयंत्रासमोर काय विचार केला असेल? यातली कोणतीही निवड तिला सोपी नव्हती. ही कथा अजून कोणी लिहिलेली नाही.

आणि जे मतदानाला गेलेच नाहीत? त्यांना ‘उदासीन’ म्हणणे सोपे आहे. रोजंदारी बुडते, भाड्याची खोली बदलते, यादीतून नाव जाते. आज रमाबाई नगराचा पुनर्विकास चालू आहे. कुटुंबे भाड्याचे धनादेश घेऊन विखुरली जात आहेत. पत्ता बदलल्यावर नमुना 8 भरला नाही, तर पुढच्या मतदानाच्या दिवशी माणूस एकीकडे आणि नाव दुसरीकडे, अशी गत होईल. ज्या वस्तीला गोळ्या हलवू शकल्या नाहीत, ती मतदारयादीत मात्र सहज विरघळू शकते.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. निवडणूक आयोगाच्या नमुना 20 मध्ये केंद्रनिहाय मते मिळतात. आपल्या वस्तीची केंद्रे काढा, आकडे मांडा, मग दारोदार जाऊन विचारा: कोणाला दिले हे नको, का दिले किंवा का दिले नाही, एवढेच. ‘जय भीम कॉम्रेड’ने आपला शोक नोंदवला. आपली बुद्धी नोंदवण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.